पाहुण्याला आधी नेर दाखवा

जुन्नर परिसरातल्या शेतावरच्या मुक्कामाची जाहिरात पाहिली तर 'जवळची प्रेक्षणीय स्थळे' या मथळ्याखाली बहुतेक वेळा एकच यादी सापडते. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर. नावापुढे किलोमीटरचा आकडा असतो. यादीत खोटे काही नाही आणि एकही ठिकाण वगळावे असे नाही. तरीही या यादीने शेतावरच्या पर्यटनाचे नुकसान केले आहे, असे माझे ठाम मत आहे. शनिवारी दुपारी आलेले कुटुंब रविवारी संध्याकाळी परत निघते. मधल्या चोवीस तासांत यादीतली चार-पाच नावे उरकायची म्हणजे बहुतेक वेळ गाडीत आणि वाहनतळावर जातो. ज्या शेतासाठी, ज्या गावासाठी म्हणून माणसे पुण्या-मुंबईहून निघाली, तिथे ती फक्त जेवतात आणि झोपतात. मग तो मुक्काम शेतावर असला काय आणि महामार्गालगतच्या लॉजवर असला काय, पाहुण्याच्या दृष्टीने फार फरक उरत नाही. चूक ठिकाणांची नाही, 'जवळ' या शब्दाच्या मापाची आहे. ते माप बदलायला हवे, आणि बदललेले माप या मुलखात आधीपासूनच हजर आहे.

जुन्नरपासून चाकणपर्यंतच्या बारा मावळांची परंपरेने चालत आलेली नावे पाहावीत. त्यांत मिन्नेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर अशी नावे आहेत. मीनेचे खोरे ते मिन्नेर, घोड नदीचे ते घोडनेर, भीमेचे भीमनेर, भामेचे भामनेर. कुकडीच्या खोऱ्यालाही त्याच चालीवर कुकडनेर म्हणतात. नेर म्हणजे नदीचे खोरे. इथल्या माणसाने आपला मुलूख रस्त्याने मोजला नव्हता, पाण्याने मोजला होता. डोंगराच्या एका उतारावरचे पाणी ज्या नदीला मिळते त्या नदीकाठची गावे परस्परांच्या जवळची, मग अंतर काही का असेना. धार ओलांडली की मुलूख दुसरा. हे माप भावनेपोटी आलेले नाही. पीक, बाजार, सोयरीक, जत्रा आणि भांडणे अशा साऱ्या गोष्टी खोऱ्याच्या आत घडत आल्या. म्हणून माझी सूचना साधी आहे. शेतावर पाहुणा उतरवणाऱ्याने त्याला एका मुक्कामात एकच नेर दाखवावे, आणि ते नदीच्या क्रमाने, वरून खाली दाखवावे.

कुकडनेरचेच उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त पाहुणे याच खोऱ्यात येतात. वरचे टोक घाटघरजवळ, नाणेघाटाच्या माथ्याच्या आसपास. पावसाळ्यात लोक इथे उलटा धबधबा पाहायला गर्दी करतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. पण नाणेघाट ही सह्याद्रीतून खोदून काढलेली व्यापारी वाट आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने वर येऊन जुन्नरला आणि पुढे सातवाहनांच्या राजधानीला, पैठणला जात असे. घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीचे नाणे त्यात टाकत, असे परंपरा सांगते. शेजारच्या लेण्यात नागनिका या सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख आहे. राजसूय, अश्वमेध अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी यांची ती नोंद आहे. त्या दक्षिणांचे आकडे भारतीय अंकलेखनाच्या अतिशय जुन्या नमुन्यांपैकी आहेत. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आज पावलांचे अवशेष तेवढे राहिले आहेत आणि वर कोरलेली नावे. आपण शाळेत ज्या आकड्यांनी पाढे शिकलो त्यांचे पूर्वज या भिंतीवर आहेत, हे मुलांना सांगायला पाच मिनिटे पुरतात. धबधब्याच्या गर्दीत ती पाच मिनिटे मिळत नाहीत.

नाणेघाटावरून खाली निघाले की वाटेवर नजर ठेवणारे गड लागतात: जीवधन, चावंड, हडसर आणि शेवटी शिवनेरी. शिवनेरी सुटा पाहिला की तो शिवजन्मस्थान म्हणून मनात राहतो, आणि तसा तो राहिलाच पाहिजे. पण नाणेघाटाकडून आलेल्या पाहुण्याला आणखी एक गोष्ट उमगते. हे चारही गड एकाच वाटेचे राखणदार आहेत आणि म्हणूनच सातवाहनांपासून निजामशाहीपर्यंत प्रत्येक सत्तेला जुन्नर हातात हवे होते. चावंडजवळ पूर गावी कुकडेश्वराचे शिवालय आहे. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालये बांधली, अशी जी परंपरा सांगितली जाते तिच्यातले हे एक, कुकडीचे. ज्या नदीच्या काठाने दिवसभर जायचे ती इथे एका ओढ्याएवढी दिसते. भोवती भाताची खाचरे आणि डोंगरात हिरड्याची झाडे. महादेव कोळी समाजाची कुटुंबे इथे बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. भाताइतकाच त्या उत्पन्नावर घराचा संसार चालतो. हिरडा औषधी आहे हे शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तो कोण वेचतो हे फार थोड्यांना.

मग माणिकडोहचे धरण, आणि त्याखाली जुन्नर. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाच्या परिसरात एवढी लेणी देशात दुसरीकडे नाहीत, आणि एवढ्या मोठ्या ठेव्याकडे इतके थोडे लोक वळतात याचे मला मनापासून वाईट वाटते. तुळजा लेण्यांतले वर्तुळाकार चैत्यगृह, त्यातले बारा खांब आणि मधला स्तूप हा लेणी-स्थापत्यातला दुर्मीळ प्रकार आहे. तिथे दुपारभर एखादेच कुटुंब दिसावे ही स्थिती बरी नाही. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. शिवनेरीच्या आणि मानमोडीच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे ग्रीक वंशाच्या दात्यांची नावे येतात: इरिल, चिट, चंद. त्यांतल्या इरिलाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. कोणी करंजाची झाडे लावण्यासाठी तर कोणी वडासाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिले. निवर्तन या मापात त्या जमिनींची मोजणीही लेखात दिली आहे. धान्यव्यापारी, बुरूड, कासार, पाण्याची टाकी, झाडे, जमीन. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदींत शेतकऱ्याला परके असे काहीच नाही. शेतावर मुक्काम करणाऱ्या पाहुण्यासाठी याहून योग्य वाचन मला सुचत नाही.

लेण्याद्रीला मात्र सगळेच जातात. पायऱ्या चढतात, गिरिजात्मजाचे दर्शन घेतात, उतरतात. गणपती ज्या दालनात आहे तो मुळात बौद्ध विहार आहे, आणि त्याच्याच शेजारी चैत्यगृह आहे. त्या चैत्यगृहावरच्या लेखात दात्याचे नाव दिले आहे: कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त. कल्याणचा माणूस नाणेघाट चढून आला आणि इथे चैत्य कोरवून गेला. सकाळी नाणेघाट पाहिलेल्या पाहुण्याला दुपारी हे नाव वाचून दाखवले, तर दोन ठिकाणे आपोआप जोडली जातात. ज्याने आधी भीमाशंकर उरकले आणि वाटेत लेण्याद्री गाठली, त्याच्यासाठी ते एक अनोळखी नाव राहते. क्रम बदलला की ठिकाणाचा अर्थ बदलतो, एवढेच मला सांगायचे आहे. इथे कल्याण-डोंबिवलीहून माळशेजमार्गे येणारे पाहुणे पुष्कळ असतात. त्यांना तर हा शेजार अधिकच जवळचा वाटेल.

खाली ओझर, विघ्नेश्वराचे. देवळामागे येडगाव धरणाचा जलाशय पसरलेला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगा या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प होतो आणि त्याचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. अष्टविनायकाच्या यात्रेतली बस इथे थांबते तेव्हा या पाण्याबद्दल कोणी बोलत नाही. पण कुकडनेर आज जसे आहे तसे या पाण्याने केले आहे. वरच्या अंगाला भात, मधल्या पट्ट्यात ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा, आणि पूर्वेला अणे पठारावर पुन्हा कोरडवाहू बाजरी. एका तालुक्यात पाऊस इतका बदलतो. उसाच्या फडांत बिबट्याला आडोसा मिळाला आणि तो तिथेच पिल्ले घालू लागला. माणसांचे बळी गेले, जनावरे गेली, वनखात्याला माणिकडोहला बिबट निवारा केंद्र चालवावे लागले. हे सारे एकाच गोष्टीचे धागे आहेत. जो शेतकरी पाहुण्याला आपला ऊस दाखवतो, त्याने त्या उसाबरोबर पाण्याची पाळी, पाण्यावरून होणारे वाद आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी का लागते, हेही सांगावे. याला प्रेक्षणीय स्थळ म्हणत नाहीत, पण गाव समजायला हेच उपयोगी पडते.

राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आले. शेतकऱ्याला पूरक उत्पन्न मिळावे आणि शहरी माणसाला ग्रामीण जीवनाचा परिचय व्हावा, हे त्यामागचे दोन हेतू आहेत. सात नावांच्या यादीने दोन्ही हेतू मागे पडतात. पाहुणा आपल्याच गाडीत आपल्याच इंधनावर फिरतो, तेव्हा त्याचा पैसा पेट्रोलपंपावर आणि हमरस्त्यावरच्या हॉटेलात जातो. तो एका खोऱ्यात थांबला, तर वाट दाखवणाऱ्या पोराला मजुरी मिळते, दुपारचे जेवण पूर किंवा घाटघरच्या एखाद्या घरात होते, परतताना इंद्रायणी तांदूळ नाहीतर हिरडा विकत घेतला जातो. शिवाय यादी एका फेरीत संपते आणि 'जुन्नर पाहून झाले' म्हणून पाहुणा पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. नेर धरून फिरवले तर पहिल्या वेळी कुकडनेर, दुसऱ्या वेळी मिन्नेर, तिसऱ्या वेळी पुष्पावतीकाठचा मढ-माळशेजचा पट्टा, असे तीन मुक्काम शिल्लक राहतात. हा हिशेब केंद्रचालकाच्याही फायद्याचा आहे.

याच्याविरुद्ध पहिला आक्षेप येतो तो असा, की पाहुण्याला नावाजलेलीच ठिकाणे हवी असतात. आई-वडील अष्टविनायकासाठी आलेले असतात, मुलांना शिवनेरी पाहायचा असतो. जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून तर त्याची ओढ वाढणारच. हा आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या सूचनेला लागू पडत नाही. शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर ही तिन्ही कुकडनेरातच आहेत. वगळायचे आहेत ते हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर, आणि तेही कायमचे नव्हेत. हरिश्चंद्रगड हा स्वतंत्र दिवसाचा, चालणाऱ्या माणसाचा विषय आहे. भीमाशंकर दुसऱ्याच खोऱ्याच्या माथ्यावर आहे. 'हेही जवळच आहे' म्हणून ही दोन नावे यादीत घालणे म्हणजे पाहुण्याचीही फसगत आणि त्या ठिकाणांचाही अपमान.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. केंद्र चालवणारा शेतकरी आहे, त्याने ब्राह्मी लिपी कुठून आणावी? त्याने आणूच नये. पाणी, पीक, बाजार, जत्रा हे त्याचे क्षेत्र आहे आणि त्यात त्याच्यापेक्षा मोठा जाणकार नाही. लेखांचे वाचन करून देणारे तरुण तालुक्यात तयार करणे हे पर्यटन खात्याचे काम आहे. विशेष दर्जा देऊन इतकी वर्षे झाली. त्या दर्जाचा अर्थ केवळ रस्ते, कमानी आणि स्वच्छतागृहे एवढाच धरला गेला, तर लेणी न वाचलेलीच राहतील. गावातल्या मुला-मुलींना प्रशिक्षण द्यावे, ओळखपत्र द्यावे, मजुरीचा दर ठरवून द्यावा आणि प्रत्येक महत्त्वाच्या लेखाशेजारी त्याचा सोप्या मराठीतला अर्थ लावावा. यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही. मुंबई-पुण्यात भारतविद्येचे अभ्यासक आहेत, लेखांची वाचने छापून झालेली आहेत. ती गावापर्यंत पोहोचवायची आहेत.

तिसऱ्या आक्षेपाने मला खरोखर विचारात पाडले. आज तुळजा लेणी शांत आहेत कारण तिथे कोणी जात नाही. तिथली वाट दाखवली की दोन वर्षांत भिंतींवर नावे कोरली जातील, प्लास्टिक साचेल. हे भय निराधार नाही. पण गर्दी एकाच जागी दाटू देण्याचे परिणामही आपण पाहिले आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. ही दोन्ही ठिकाणे पुणे जिल्ह्यातलीच. अशा घटनेनंतर जमावबंदीचे आदेश निघतात, आणि मग बाकीच्या पावसाळ्यात शेतावरची केंद्रेही रिकामी पडतात. यावरचा उपाय कमी माहीत असलेली ठिकाणे लपवणे हा नाही. तिथे स्थानिक माणसाशिवाय जाता येणार नाही, एका वेळी ठरावीकच माणसे जातील आणि गाडी गावातच थांबेल, ही शिस्त सुरुवातीपासून घालावी. गर्दी झाल्यावर शिस्त लावणे फार अवघड जाते. ग्रामपंचायत आणि वनव्यवस्थापन समिती यांनी प्रवेशशुल्क घेतले, तर राखणीचा खर्चही निघेल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गाव दाखवायचे म्हणजे माणसांची घरे दाखवायची नव्हेत. आदिवासी वाडीत जाऊन चुलीपुढे बसलेल्या बाईचे छायाचित्र काढणे याला ग्रामीण संस्कृतीचा परिचय म्हणता येणार नाही. पाहुण्याने बाजारात जावे, विकत घ्यावे, विचारावे. आठवड्याचा बाजार ही परक्या माणसाला मोकळेपणाने उभे राहता येईल अशी गावातली सर्वांत चांगली जागा आहे. मिन्नेरात नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आहे. तिथेच गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्राकमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. तमाशाचा व्यवहार जिथे उघड्यावर ठरतो अशी दुसरी जागा महाराष्ट्रात सापडणे कठीण. त्याच मुलखात खोडद परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. डोंगरांनी वेढलेली, रेडिओलहरींचा गोंगाट कमी असलेली जागा म्हणून शास्त्रज्ञांनी हे खोरे निवडले. ती बाहेरून रोज दिसते, आत मात्र परवानगीशिवाय जाता येत नाही. विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली होते. म्हणजे दुसऱ्या मुक्कामासाठी महिनाही आपोआप ठरतो: फेब्रुवारीअखेर नाहीतर पाडव्याच्या आगेमागे.

कुकडनेरच्या खालच्या टोकाला एक जागा अशी आहे की जी मी कोणत्याही यादीत घालणार नाही. बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, असे बऱ्याच संशोधकांनी मांडले. ती नेमक्या कोणत्या उद्रेकाची आणि किती जुनी, यावर मतभेद आहेत आणि ते त्या थरातूनच सुटायचे आहेत. तो मऊ आहे, हाताने खरवडला तरी सुटतो. तिथे पाहुण्यांच्या गाड्या नेण्याआधी कुंपण, राखणदार आणि गावात एक छोटे दालन हवे. तोपर्यंत येडगावच्या बांधावर उभे राहून, नदी खाली कुठे जाते आणि तिच्या काठात काय दडले आहे, हे पाहुण्याला बोटाने दाखवावे. तेवढे पुरेसे आहे.